किनाऱ्यावरचे कार्यक्रम आणि हवामानाचा नो-कोड वर्कफ्लो : या चुका टाळा

तारकर्लीच्या वाळूवरचं लग्न, जत्रेतला दशावतार, मे महिन्यातला आंबा महोत्सव, शाळेच्या मैदानावरचं संमेलन. कोकणात उघड्यावरच्या कार्यक्रमांचा हंगाम दिवाळीपासून मेअखेरपर्यंत चालतो. एनएटएन (n8n), मेक (Make) किंवा झॅपिअर (Zapier) ही वेगवेगळ्या सेवा एकमेकींशी जोडणारी साधनं वापरून हवामानाचा अंदाज गूगल शीटमधल्या कार्यक्रमांच्या यादीशी जोडता येतो आणि त्यासाठी कोड लिहावा लागत नाही. आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांच्या अशा साखळीला वर्कफ्लो म्हणतात. जोडणी सोपी आहे, पण ती करताना होणाऱ्या चुका ऐन कार्यक्रमाच्या दिवशी बाहेर पडतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अंदाज जसाच्या तसा पुढे पाठवणं. ‘उद्या पावसाची शक्यता ६० टक्के’ हा मेसेज मंडपवाला, आचारी, साउंडवाला आणि नवरीचा मामा या सगळ्यांना एकदम जातो. प्रत्येकाला वाटतं की काय ते दुसरा कोणीतरी बघेल. वर्कफ्लोने कोणी, काय, किती वाजेपर्यंत करायचं ते सांगायला हवं. त्यासाठी शीटमध्ये कार्यक्रमाच्या तारखेशेजारी आणखी तीन रकाने लागतात : कामाचा माणूस, काम आणि त्या कामाला लागणारा वेळ. मंडपाचं कापड उतरवायला समजा चार तास लागत असतील आणि पाहुणे सहाला येणार असतील, तर दुपारी दोननंतर आलेला इशारा मंडपवाल्याच्या उपयोगाचा नाही. त्यामुळे वेळ कार्यक्रमापासून मागे मोजायची. आचाऱ्याची चूल आडोशाला हलवायला तासभर पुरतो, म्हणून त्याचा इशारा वेगळा आणि उशिराचा.

पावसावर नजर, वाऱ्याकडे पाठ

किनाऱ्यावर मंडपाचं नुकसान बहुतेकदा वारा करतो. वाळूत खुंट्या मातीसारख्या धरत नाहीत आणि ओलं कापड शिडासारखं फुगतं. तरीही बऱ्याच वर्कफ्लोंमध्ये अट असते ती फक्त पावसाची. वाऱ्याची असलीच तर सरासरी वेगाची. आपल्याला हवा तो अचानक येणाऱ्या झोताचा आकडा, म्हणजे विंड गस्ट. सरासरी वेग ताशी वीस किलोमीटर असताना झोत चाळीसच्या वर जाऊ शकतो.

अटीतला आकडा इंटरनेटवरून उचलू नका, मंडपवाल्याला विचारा. तो किलोमीटरमध्ये सांगणार नाही, पण ‘छत्री हातात टिकेना झाली की आम्ही कापड सोडतो’ असं काहीतरी सांगेल. वाऱ्याचा जोर श्रेणींत सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापनात छत्री धरणं अवघड करणारा वारा सहाव्या श्रेणीत येतो, म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर. झाडं मुळापासून शेंड्यापर्यंत हलू लागली आणि वाऱ्याविरुद्ध चालणं जड जाऊ लागलं की सातवी श्रेणी, ५० ते ६१. त्याच्या बोलण्यातून तुमचा आकडा असा निघतो आणि तो त्याच्या बांधणीला लागू असतो. लोखंडी सांगाडा आणि बांबूचा मांडव यांना एकच मर्यादा लावू नका.

आकडा बरोबर, एकक चूक

वर्कफ्लो हिरवा दिसतो, एरर येत नाही आणि इशाराही येत नाही, असं झालं तर आधी एककं तपासा. ओपन-मेटिओ आणि ओपनवेदर या वर्कफ्लोला अंदाज पुरवणाऱ्या ऑनलाइन सेवा. ओपन-मेटिओ वाऱ्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये देतं. ओपनवेदर मेट्रिक निवडल्यावरही तो सेकंदाला मीटरमध्ये देतं. तिथला १२ म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. तुमची अट ‘चाळीसपेक्षा जास्त’ अशी असेल तर वादळातही ती पूर्ण होणार नाही. पावसाच्या शक्यतेचंही तसंच आहे. ओपनवेदर ती शून्य ते एक अशी देतं, म्हणजे सत्तर टक्क्यांसाठी ०.७. शिवाय पाऊस नसेल तेव्हा त्याच्या उत्तरात पावसाचं फील्डच, म्हणजे त्या आकड्याची जागाच, नसते. मग पुढची पायरी रिकाम्या मूल्यावर अडखळते. रिकामं आलं तर शून्य धरायचं, ही पायरी सुरुवातीलाच टाका.

वेळेचा गोंधळ याहून जास्त नडतो. ओपन-मेटिओला टाइमझोन सांगितला नाही तर वेळा ग्रीनिचच्या येतात आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. ‘१८:००’ची ओळ बघून तुम्ही संध्याकाळचा निर्णय घेता, पण ती ओळ रात्री साडेअकराची असते. विनंतीत एशिया/कोलकाता लिहा. एनएटएन स्वतःच्या सर्व्हरवर चालवत असाल तर त्याचा मूळ टाइमझोन न्यूयॉर्कचा असतो. सकाळी सातला लावलेला ट्रिगर, म्हणजे वर्कफ्लो सुरू करणारी पायरी, हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला सुटेल. आणखी एक बारकावा म्हणजे ओपन-मेटिओचा तासाचा पाऊस मागच्या तासाचा असतो. सातच्या ओळीत सहा ते सातचा पाऊस धरलेला असतो.

ओपन-मेटिओ बिगरव्यावसायिक वापरासाठीच मोफत आहे. पैसे घेऊन कार्यक्रम करत असाल तर त्यांचा सशुल्क प्लॅन घ्या.

कुठलं राजापूर?

जागेचं नाव देऊन अंदाज मागवू नका. राजापूर रत्नागिरी जिल्ह्यात आहे, तसंच उत्तर प्रदेशात चित्रकूटकडेही आहे. शीटमध्ये अक्षांश-रेखांश ठेवा आणि त्यांचा क्रम तपासा. मालवण साधारण १६.०६ उत्तर, ७३.४७ पूर्व. हे उलटे पडले तर तुम्ही नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्राचं हवामान वाचत असता. तापमानाचा आकडा पाहिला की ही चूक लगेच कळते, म्हणून मेसेजमध्ये तापमान नेहमी दाखवा.

आकडे बरोबर असले तरी कोकणपट्टी अरुंद आहे. अंदाज काढणारी संगणकी मॉडेलं नकाशाच्या चौकटी पाडतात आणि काही जागतिक मॉडेलांची एक चौकट पंचवीसेक किलोमीटरची असते, त्यामुळे किनारा आणि घाटाचा पायथा जवळपास दोनच चौकटींत बसतो. हवामान खात्याचे पिवळे, नारिंगी, लाल इशारे जिल्ह्यानुसार असतात आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याचा किनाराही येतो आणि आंबोलीचा घाटही. खात्याच्या भाषेत ‘जोरदार’ पाऊस म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा जास्त, आणि हे चोवीस तास सकाळी साडेआठला सुरू होतात. त्यावरून तुमच्या संध्याकाळच्या तीन तासांचा निष्कर्ष काढू नका. पण इशारा नारिंगी किंवा लाल असेल तर मॉडेल काहीही म्हणो, खात्याचाच शब्द वर ठेवा. फयान चक्रीवादळ नोव्हेंबर २००९मध्ये आलं, निसर्ग ३ जून २०२०ला, तौक्ते मे २०२१मध्ये. तिन्ही वादळं कार्यक्रमांच्या हंगामात किंवा त्याच्या काठावर आली.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमधला वळीव ही वेगळीच गोष्ट आहे. दुपारी सह्याद्रीवर ढग चढतात आणि संध्याकाळी खाली उतरतात. अशी सर कुठे पडेल ते आदल्या दिवशीचं मॉडेल नेमकं सांगू शकत नाही. या महिन्यांत वर्कफ्लोचं काम एवढंच ठेवा : दुपारी एकदा ठरलेल्या माणसाला आठवण करून द्यायची की खात्याचा तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि विजांसाठी दामिनी अॅप बघ. पुढचा निर्णय त्याचा.

होडी किंवा पाण्यातला खेळ कार्यक्रमात असेल तर जमिनीवरचा अंदाज पुरत नाही. दूरच्या वादळातून आलेल्या लाटा निरभ्र आकाशाखालीही किनाऱ्यावर धडकतात. त्यासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचे लाटांचे इशारे पाहा.

मेसेजचा पाऊस आणि मेसेजची शांतता

दर तासाला वर्कफ्लो चालतो आणि दर तासाला मेसेज जातो. दुसऱ्या दिवशी ग्रुप म्यूट झालेला असतो. शेवटची स्थिती शीटमध्ये लिहून ठेवा आणि ती बदलली तरच मेसेज पाठवा. झोत चाळीसच्या वर गेला की इशारा द्या, पण ‘धोका टळला’ म्हणायला तो सलग दोन वेळा तीसच्या खाली यायला हवा. नाहीतर ३९ आणि ४१ यांच्यात मंडपवाल्याची दिवसभर फरफट होईल.

उलटी चूक जास्त घातक आहे. वर्कफ्लो बंद पडलेला असतो आणि सगळ्यांना वाटतं की हवा छान आहे. मेकमध्ये वेळापत्रकावरचं सिनारिओ (तिथे वर्कफ्लोला हे नाव आहे) लागोपाठ चुका झाल्या की आपोआप थांबतं. घरच्या लॅपटॉपवर चालणारा एनएटएन वीज गेली की झोपतो, आणि कोकणात वीज वाऱ्याच्याच दिवशी जाते. तो क्लाउडवर ठेवा. रोज सकाळी एक छोटा मेसेज येऊ द्या : ‘तपासलं, आज झोत कमाल २२, तापमान ३१.’ तो आला नाही की फोन उचलायचा. व्हॉट्सअॅपच्या बिझनेस एपीआयमधून, म्हणजे वर्कफ्लोला मेसेज पाठवता येतो त्या जोडणीतून, समोरच्याने चोवीस तासांत तुम्हाला काही लिहिलेलं नसेल तर फक्त मंजूर टेम्पलेटच, म्हणजे आधी मान्य करून घेतलेला ठरावीक मजकूरच, जातं. ते हंगामाआधी मंजूर करून घ्या. महत्त्वाच्या इशाऱ्याला ‘पोचलं’ असं उत्तर मागवा. अर्ध्या तासात ते आलं नाही तर तुम्हाला स्वतःला सूचना यावी, कारण तेव्हा फोन करण्याचं काम तुमचं.

कार्यक्रम रद्द करण्याचं बटण मात्र वर्कफ्लोच्या हाती देऊ नका. आगाऊ रक्कम, मुहूर्त, मुंबईहून निघालेलं वऱ्हाड यातलं काहीच त्याला दिसत नाही.

शेवटी चाचणी. शांत दिवशी शीटच्या एका प्रतीत झोताच्या जागी हाताने ६५ लिहा आणि मेसेज खरोखर कोणाच्या फोनवर, किती वाजता, कोणत्या शब्दांत पोचतो ते त्या माणसाच्या शेजारी उभं राहून बघा. मग फील्ड रिकामं ठेवून बघा, मग एपीआयचा पत्ता मुद्दाम चुकवून. या तिन्ही चाचण्या मंडपाची ऑर्डर देण्याआधी करा.