कार्यशाळेतलं कापड आधीच उकळलेलं होतं

नैसर्गिक रंगाईची दोन दिवसांची कार्यशाळा करून घरी आले तेव्हा पिशवीत मंजिष्ठेने रंगवलेला एक लाल स्टोल होता. आईने तो वाड्यातल्या सगळ्यांना दाखवला. पुढच्याच महिन्यात मी वीस स्टोलची ऑर्डर घेतली, बाजारातून मांजरपाटाचं कोरं कापड आणलं आणि वहीत उतरवून घेतलेलं सगळं जसंच्या तसं केलं. आधी हिरडा, मग तुरटी (दोन्ही रंग धाग्याला धरून राहावा म्हणून), मग मंजिष्ठा. वीसमधला एकही स्टोल देण्याजोगा निघाला नाही. कुठे लाल, कुठे फिका गुलाबी, घडीवर पांढरट पट्टे, आणि दोन धुण्यांत निम्मा रंग बादलीत. आगाऊ घेतलेले पैसे परत केले. दीड महिना पातेल्याकडे बघवत नव्हतं.

चूक सापडायला त्याहून जास्त वेळ गेला, कारण मी ती भलत्याच ठिकाणी शोधत होते. मंजिष्ठा भेसळीची असेल म्हणून दुसरीकडून मागवली. तुरटी वाढवली. आच कमी-जास्त करून पाहिली. शेवटी त्याच कार्यशाळेतली एक मैत्रीण बोलता बोलता म्हणाली, "अगं, तिथल्या मावशींनी आदल्या दिवशी सगळं कापड सोड्यात उकळून ठेवलं होतं ना!" मला हे माहीतच नव्हतं. कोणी लपवलं नव्हतं, पण कोणी सांगितलंही नव्हतं. सकाळी दहाला आम्ही पोचलो तेव्हा निम्मं काम उरकलेलं होतं, आणि आम्ही उरलेल्या निम्म्यालाच रंगाई समजून घरी आलो.

म्हणून रंगाईआधीच्या या उकळण्यावर जरा जास्त बोलते. हिरडा-तुरटी तुम्हाला ठाऊक असेलच.

कापसाच्या धाग्यावर मुळातच मेण आणि पेक्टिन हा चिकट पदार्थ असतो. मागावर ताणे, म्हणजे उभे धागे, तुटू नयेत म्हणून त्यांना खळ देतात. वर हाताळणीतलं तेल आणि धूळ. अशा कापडात पाणी एकसारखं शिरत नाही. जिथे मेण आहे तिथे रंग आत जातच नाही, म्हणून डाग आणि पट्टे. आणि जिथे खळ आहे तिथे हिरडा, तुरटी, रंग सगळं त्या खळीवर बसतं. पातेल्यातून काढताना कापड सुंदर लाल दिसतं, पण तो लाल रंग धाग्याचा नसतो, खळीचा असतो. खळ धुतली गेली की रंगही तिच्याबरोबर जातो. मी तीच पाककृती दहा वेळा केली असती तरी दहाही वेळा हेच झालं असतं.

साध्या साबणाने धुवून हे निघत नाही. मी एक किलो कोरड्या सुती कापडाला साधारण 50 ग्रॅम धुण्याचा सोडा घेते, कापड मोकळं फिरेल एवढं, म्हणजे 25 ते 30 लिटर पाणी, आणि दोन तास उकळत ठेवते. मधूनमधून ढवळायचं, कापड पाण्याखालीच राहिलं पाहिजे. पाणी पिवळं, मग तपकिरी होतं. ते टाकून गरम पाण्यातच खळबळायचं, लगेच गार पाण्यात घातलं तर सुटलेलं मेण परत कापडावर बसतं. जाड कापडाला दुसरा उकळा लागतो. हे फक्त सुती आणि लिननसाठी. रेशीम किंवा लोकर सोड्यात उकळलीत तर ती कायमची बिघडेल. त्यांना सौम्य साबण आणि कोमट पाणी पुरे.

झालं की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नका. कापड पूर्ण वाळू द्या आणि वरून पाण्याचा एक थेंब सोडा. टेकताक्षणी शोषला गेला तर ठीक. क्षणभरही मोत्यासारखा बसून राहिला तर परत पातेल्यात. कडेला, मध्ये, घडीवर, निदान सहा ठिकाणी बघा. टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून त्याचा थेंब टाकला आणि निळा-काळा डाग पडला, तर स्टार्चची खळ अजून आहे. पण हल्ली खळ स्टार्चचीच असेल असं नाही, तेव्हा आयोडीनने डाग पडला नाही म्हणून पाण्याचा थेंब चुकवू नका. "रंगवायला तयार" म्हणून विकलेल्या कापडाचीही हीच परीक्षा घ्या.

पुढे मी कच्छमधल्या भुजजवळच्या अजरखपूरला जाऊन आले. अजरख म्हणजे तिथली लाकडी ठशांची नैसर्गिक रंगाई. 2001 च्या भूकंपानंतर या रंगाऱ्यांच्या जुन्या गावाच्या, धमडक्याच्या, पाण्यात लोह वाढलं, रंग बिघडू लागले, आणि खत्री रंगाऱ्यांनी हे नवं गाव वसवलं. पाण्यासाठी माणसं गाव सोडतात, हे ऐकून मी गप्पच झाले. आपण बोअरच्या पाण्याचा विचार तरी करतो का? अजरखमध्ये पहिला ठसा उठण्याआधीच कापड धुतात, एरंडेल, सोडा आणि उंटाच्या शेणाच्या मिश्रणात भिजवून उन्हात वाळवतात, परत भिजवतात, परत वाळवतात. त्याला 'साज' म्हणतात. हिरडा त्यानंतर.

कार्यशाळा निवडण्याबद्दल माझी मतं ठाम आहेत, पटली तर घ्या. दोन दिवसांत नीळ, बांधणी, ठसे, इको प्रिंट (पानाफुलांचे छाप) आणि विणकाम शिकवतो म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. हातात पाच रुमाल येतील, काम एकही येणार नाही. प्रमाण चमच्यात सांगणाऱ्याकडे तर नकोच. सगळं प्रमाण कोरड्या कापडाच्या वजनावर असतं, तराजूशिवाय वही निरुपयोगी आहे. "हे आमचं गुपित" असं कुणी म्हणालं की मी उठते. मला ज्यांनी खरं शिकवलं त्यांनी काही लपवलं नाही, आणि माझं कापड बिघडताना मध्ये हातही घातला नाही. हळद आणि बीट लवकर विटतात, त्यांच्या मोहात पडू नका. झटपट हिरवटपणासाठी मोरचूद सुचवतात, पण ते विषारी पाणी मोरीत ओतायची माझी तयारी नाही.

एवढं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. मंजिष्ठा चुका पोटात घालते. आच चढून लाल तपकिरीकडे झुकला तरी कापड वाया जात नाही. डाग पडलेलं सुती कापड परत उकळून, हिरड्यात आणि लोखंडाच्या पाण्यात बुडवलं की छान करडं-काळं होतं. माझ्या वीसपैकी चौदा स्टोल असेच वाचले.

फक्त कार्यशाळेला जाताना घरून एक मीटर कोरं मांजरपाट न्या. तिथल्या कापडाशेजारी तेही रंगवू द्या म्हणा, आणि विचारा, आम्ही यायच्या आधी तुम्ही या कापडाचं काय काय केलंत? शिकवणारी व्यक्ती या प्रश्नावर खूश झाली तर तुमची फी वसूल झाली.

गेल्या आठवड्यात मी बारा मीटर उकळलं. दोन तासांनी पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं. वाळल्यावर पाच ठिकाणी थेंब झटकन आत गेला, सहाव्या ठिकाणी, काठाजवळ, तसाच बसून राहिला. संध्याकाळी परत पातेलं चढवलं.