सुका कचरा सरकत्या पट्ट्यावर (कन्व्हेयर बेल्टवर) कसा निवडतात आणि त्यासाठी घरचा डबा कसा भरावा

वर्गीकरण केंद्रावर सुक्या कचऱ्याची गाडी रिकामी होते तेव्हा पहिली पाहणी ओलाव्याची होते. बाटलीत उरलेलं दोन घोट सरबत वाटेत सांडतं आणि सोबतची रद्दी भिजवतं. भिजलेला पुठ्ठा वजनाला जास्त भरतो, म्हणून घेणारा ओलाव्याची वजावट करतो, आणि दाबून बांधलेल्या दमट गठ्ठ्याला बुरशी धरते. म्हणून घरी सगळ्यात महत्त्वाचं काम एकच: भांडी घासून उरलेल्या पाण्यात डबे-बाटल्या विसळा, उपड्या ठेवून वाळवा, मगच डब्यात टाका. चकचकीत धुवायची गरज नाही. वास आणि चिकटपणा गेला की पुरे.

पट्ट्यावर माल चढण्याआधी पिशव्या फोडल्या जातात आणि मोठ्या वस्तू हाताने बाजूला होतात: पुठ्ठ्याची खोकी, गाद्यांचा स्पंज, दोऱ्या, जुन्या साड्या. दोरी आणि कापड फिरत्या चाळणीच्या दांड्याला गुंडाळले गेले की यंत्र थांबवून सुरीने कापून काढावे लागतात. म्हणून चिंध्या सुक्या कचऱ्यात सुट्या टाकू नका, वेगळी पिशवी बांधा. गाठी मारलेल्या छोट्या पिशव्याही नकोत. वेळ कमी असेल तर न फोडलेली पिशवी थेट टाकाऊ ढिगात जाते, आत कितीही चांगला माल असला तरी.

आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांवर पुढची निवड हातानेच होते. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना कामगार उभे असतात आणि प्रत्येकाकडे एक-दोनच प्रकार असतात. आधी पुठ्ठा, मग कागद, मग प्लास्टिक. लोखंड चुंबकाने निघतं. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे मोठ्या केंद्रांत ते भोवरा-प्रवाहाच्या यंत्राने (फिरत्या चुंबकांनी धातूत वीजप्रवाह उठवून त्याला ढकलणारं यंत्र) उडवून वेगळं करतात, लहान केंद्रांत नजरेने. शेवटी पट्ट्यावर जे उरतं ते टाकाऊ.

कागदात तेल हा मोठा शत्रू. लगदा पाण्यात होतो, पण धाग्यांत मुरलेलं तेल त्या पाण्याने निघत नाही आणि नव्या कागदावर डाग उमटतात. पिझ्झाच्या खोक्याचं कोरडं झाकण फाडून रद्दीत द्या, तेलकट तळ देऊ नका. चहाचे कागदी कप आतून प्लास्टिकने मढवलेले असतात, तेही रद्दीत नकोत. दुकानाची गुळगुळीत पावती नखाने ओरखडून पाहा. काळी रेघ उठली तर तो उष्णतेवर छापणारा कागद आहे, तो बाजूला ठेवा.

खरी परीक्षा प्लास्टिकची. पाण्याच्या बाटलीचं पेट (PET) आणि पीव्हीसी (PVC) हे प्लास्टिकचे दोन प्रकार दिसायला जुळी भावंडं, पण एकत्र वितळवली तर अनर्थ होतो. पेट वितळायला साधारण 250 ते 260 अंश सेल्सियस लागतात, आणि त्याच्या कितीतरी आधी पीव्हीसी जळकटून आम्लाची वाफ सोडतं. थोडंसं पीव्हीसीही पेटच्या मोठ्या मालात काळे ठिपके आणि पिवळेपणा आणतं. ओळखायचं असं: बाटली उलटी करा. तळाच्या मधोमध छोटा गोल ठिपका असेल तर बहुधा पेट. तळावरून आडवी सांध्याची रेघ गेली असेल तर ते पेट नाही. पारदर्शक बाटली दुमडल्यावर घडीवर पांढरी रेघ उमटली तर पीव्हीसीचा संशय घ्या.

बाटलीची झाकणं वेगळी ठेवलीत तर उत्तम. राहिली तरी धुण्याच्या हौदात पेटचे तुकडे बुडतात आणि झाकणांचे तरंगतात, त्यामुळे ती तिथे सुटतात. दुधाच्या पिशवीचा कोपरा मात्र पूर्ण कापून टाकू नका. तो बोटभर तुकडा पट्ट्यावर कुणाच्या हाती लागत नाही, तो थेट केरात जातो. अर्धवट कापा, तुकडा पिशवीलाच लटकू द्या, मग पिशवी धुऊन वाळवा.

वेफर्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टनं मुठीत चुरगाळून सोडा. पुन्हा उलगडली तर ती थरांची प्लास्टिक वेष्टनं आहेत, चुरगळलेलीच राहिली तर ॲल्युमिनियमची फॉइल. या थरांच्या वेष्टनांना भंगारात भाव नाही. बरीचशी सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात, तेही कोरडी असतील तरच. कापडासारख्या दिसणाऱ्या न विणलेल्या पिशव्या पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या असतात, त्या कापडात मोडत नाहीत.

काच पट्ट्यावर फुटली की कामगाराचा हात कापतो आणि बारीक चुरा कागदात मिसळतो. अख्ख्या बाटल्या वेगळ्या द्या. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ असं लिहा. चिनीमाती आणि ओव्हनमधली काच बाटल्यांत मिसळू नका. बाटलीची काच ज्या तापमानाला वितळते तिथे ती वितळत नाही, नव्या बाटलीत खडा बनून राहते.

आता ज्या वस्तू सुक्या कचऱ्यात येताच कामा नयेत त्या. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणं नागरिकांचं कर्तव्य ठरवलं. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा ही पुण्यातल्या कचरावेचकांच्या मोहिमेने रुजवलेली पद्धत सगळीकडे पाळावी. माणसाचे हात तिथे काम करतात, हे विसरून चालणार नाही. सुया झाकणाच्या घट्ट डब्यात बंद करून वेगळ्या द्या. मोबाइल, पॉवर बँक आणि खेळण्यांतल्या लिथियम बॅटऱ्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा संकलनातच द्या. गठ्ठा बांधायच्या दाबयंत्रात अशी बॅटरी चिरडली की ती पेटते, आणि आजूबाजूला दाबलेला कागद-प्लास्टिकचा माल असल्याने ती आग आतल्या आत धुमसत राहते.