मुलींचं फुटबॉल करिअर म्हणून: लीग चार महिन्यांची, बाकीच्या महिन्यांचं काय करायचं?

ट्रायलला आलेल्या पोरी आणि त्यांचे आईवडील मला पहिला प्रश्न पगाराचा विचारतात, आणि तो विचारायलाच पाहिजे. तर सरळ सांगते, आपल्याकडे मुलींसाठी फुटबॉल हा आता पगार मिळणारा पेशा झालाय, पण वर्षभराचा अजून झालेला नाही. इंडियन विमेन्स लीग म्हणजे आयडब्ल्यूएल 2016-17 ला सुरू झाली, तेव्हा सगळ्या टीम एका ठिकाणी बोलवायच्या आणि थोड्या दिवसांत स्पर्धा उरकायची असा प्रकार होता. होम-अवे पद्धत, म्हणजे एक मॅच आपल्या मैदानावर आणि एक समोरच्याच्या, 2023-24 ला आली. 2024-25 ला 8 टीम होत्या, प्रत्येकीच्या 14 मॅचेस, जानेवारीत सुरू आणि एप्रिलमध्ये संपली, ईस्ट बंगालनं जिंकली. म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये एकही मॅच न चुकवता खेळलीस तरी लीगच्या मॅचेस झाल्या 14. म्हणून माझं ठाम मत आहे की या खेळात कोण टिकणार ते मॅच नसलेल्या महिन्यांत ठरतं, आणि नव्या पोरींना नेमकं त्याच महिन्यांबद्दल कुणी काही सांगत नाही.

मी कोल्हापूरची, लेफ्ट बॅक म्हणजे डाव्या बाजूनं बचाव करणारी. आमच्याकडे फुटबॉलचं वेड कुणाला समजावून सांगावं लागत नाही, शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी आमच्या दोन तालमींची मॅच असेल तर अख्खी पेठ तिकडं असते, पण ते सगळं पोरांचं. मुलगी म्हणून सुरुवात करायची तर आधी गल्लीतल्या पोरांच्यात घुसावं लागतं, आणि खरं तर ते चांगलंच आहे कारण पाय लवकर सुटतात, अंगावर खेळायची भीती जाते. पुढचा रस्ता मात्र कागदाचा आहे. शाळेत असाल तर सुब्रतो कप ही शाळांची देशपातळीवरची स्पर्धा, त्यात मुलींचा 17 वर्षांखालचा गट आहे. कॉलेजला गेलात तर विद्यापीठाची टीम आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा. त्याच्याच जोडीनं जिल्ह्याची निवड, मग विफाकडून म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडून महाराष्ट्राची निवड, आणि तिथून सीनियर नॅशनल म्हणजे राज्यांच्या टीमची राष्ट्रीय स्पर्धा. या नॅशनलच्या ट्रॉफीला राजमाता जिजाबाईंचं नाव आहे आणि ती सगळ्यात जास्त वेळा मणिपूरनं नेलीये. मणिपूरच्या पोरींविरुद्ध एकदा खेळलात की वेग म्हणजे काय ते कळतं, त्या बॉल पायात यायच्या आधीच पुढचा पास ठरवून मोकळ्या झालेल्या असतात. घरच्यांचं न ऐकता, काहीही करून नॅशनल खेळा, कारण क्लबचे कोच तिथं बसलेले असतात आणि बऱ्याच जणींना पहिला फोन तिथूनच आलेला आहे.

आता कराराबद्दल, इथं जरा थांबून वाचा. फेडरेशननं, म्हणजे देशाचा फुटबॉल चालवणाऱ्या एआयएफएफनं, 2023 मध्ये ठरवलं की आयडब्ल्यूएलच्या क्लबनं कमीत कमी 10 भारतीय मुलींना वर्षाला कमीत कमी 3 लाख 20 हजारांचा करार द्यायचा. ऐकायला छान आहे आणि पाऊल चांगलंच आहे, पण टीममध्ये वीस-पंचवीस जणी असतात, म्हणजे अकराव्या मुलीचं काय याचं उत्तर त्या नियमात नाही. त्यामुळे क्लबचा फोन आला की आनंद झाल्यावर शांतपणे विचारायचं की मी त्या दहांत आहे का, पैसे महिन्याला येणार की सीझनच्या शेवटी, करार किती महिन्यांचा, राहणं-खाणं पगारात धरलंय की वेगळं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गुडघा गेला तर ऑपरेशनचा आणि नंतरच्या फिजिओचा खर्च कोण करणार. हे व्हॉट्सअॅपवर गोड बोलून नाही, कागदावर पाहिजे आणि सही केलेली कॉपी तुमच्याकडे पाहिजे. मला एका क्लबनं सीझन संपल्यावर शेवटचे पैसे द्यायला फार ताणलं होतं, कॉपी माझ्या फाईलमध्ये होती म्हणून लेखी मागता आलं आणि शेवटी मिळाले, माझ्याबरोबरच्या एका मुलीकडं कागदच नव्हता, तिला काहीच बोलता आलं नाही. रजिस्ट्रेशन फेडरेशनच्या ऑनलाईन सिस्टीममधून क्लब करतो, तेव्हा एका क्लबकडं नाव असताना दुसरीकडं सही करू नका, आधी सोडल्याचा कागद घ्या. लाजू नका हे विचारायला. पोरगी पैशाचं विचारते म्हणून जो कोच नाक मुरडतो त्याच्याकडं न गेलेलंच बरं.

शरीराचं बोलू. गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट मुलींचं मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतं, आणि बहुतेक वेळा कुणी मारलेलंही नसतं, पळता पळता वळताना किंवा उडी मारून खाली येताना जातं. एकदा गेलं की नऊ महिने ते वर्ष धरून चाला, म्हणजे सीझन गेलाच. फिफा 11+ नावाचा वॉर्मअप आहे, वीस मिनिटं लागतात, सामान फारसं नको, तो रोज करा, कोचनं सांगितला नाही तरी करा. मॅच नसलेल्या महिन्यांत तर जास्तच, स्क्वॉट, हॅमस्ट्रिंग, एका पायावर उतरणं, कारण टीम कॅम्प लागतो तेव्हा आठवड्या-दोन आठवड्यांत तुम्हाला मॅच फिट व्हायला सांगतात आणि घरी झोपा काढून आलेली पोरगी तिथंच मोडते. स्टड म्हणजे बुटाच्या तळाचे खिळे ग्राउंड बघून घाला, कडक टर्फवर लांब स्टड घातले की पाय अडकतो. हिमोग्लोबिन तपासत जा, आपल्या बऱ्याच पोरींचं कमी असतं आणि त्या समजतात आपला स्टॅमिनाच नाही. हॉस्टेलच्या जेवणावर भागत नसेल तर अंडी, शेंगदाणे, नाचणी, गूळ हे स्वतः जवळ ठेवा. आणि पाळीबद्दल कोचशी स्पष्ट बोला, बाप्या कोच असला तरी, आता चांगले कोच ते ट्रेनिंगच्या वहीत लिहून ठेवतात.

बाहेरच्या देशात खेळायचं स्वप्न खोटं नाहीये. अदिती चौहान गोलकीपर, इंग्लंडला लफबरोला शिकायला गेली आणि 2015 मध्ये वेस्ट हॅमच्या मुलींच्या टीममध्ये आली, म्हणजे शिक्षणाच्या वाटेनं गेली. बाला देवीला स्कॉटलंडच्या रेंजर्सनं जानेवारी 2020 मध्ये घेतलं तेव्हा ती 29 वर्षांची होती, तोवर मणिपूर पोलिसातल्या नोकरीचा आधार तिला होता. मनीषा कल्याण 2022 ला सायप्रसच्या अपोलोन लेडीजकडं गेली आणि युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. तिघींच्या वाटा वेगळ्या, पण तिघींनीही आधी इथं वर्षानुवर्षं खेळून दाखवलेलं होतं. तुमचे मॅचचे व्हिडिओ साठवून ठेवा, नुसते गोलचे नाही, पूर्ण मॅचचे, बाहेरचे कोच बॉल नसताना तुम्ही कुठं उभ्या राहता तेच बघतात. पुण्याची काजोल डिसूझा 2022 च्या 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताच्या टीममध्ये होती, त्यामुळे महाराष्ट्रातून होत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

तरी काही गोष्टी आपल्या हातात नसतात. ऑगस्ट 2022 मध्ये फिफानं आपल्या फेडरेशनवर बंदी घातली तेव्हा गोकुळम केरळा क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या होत्या आणि त्यांना एकही मॅच न खेळता परत यावं लागलं. त्याच वर्षी जानेवारीत आशिया कपला नवी मुंबईत, घरच्या मैदानावर, भारताची इराणशी बरोबरी झाली आणि मग टीममध्ये कोविड पसरल्यानं पुढची स्पर्धाच गेली. मला आजही त्याचं फार वाईट वाटतं. त्या टीमनं काय कमी केलं होतं? पुढं 5 जुलै 2025 ला चियांग माईमध्ये थायलंडला 2-1 हरवून आपण 2026 च्या आशिया कपला पात्र ठरलो, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, त्या रात्री मी घरात ओरडून सगळ्यांना उठवलं.

म्हणून बाकीचे महिने रिकामे ठेवू नका. शिक्षण सोडायचं नाही, बाहेरून परीक्षा द्या पण डिग्री घ्या. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्यासाठी स्पर्धेचं प्रत्येक सर्टिफिकेट जपून ठेवा आणि वेळेत पडताळणी करून घ्या, नंतर धावपळ फार होते. रेल्वे आणि पोलीस यांच्या टीम असतात, तिथं नोकरी लागली तर खेळ चालू राहतो आणि घरचेही निवांत होतात. खेळत असतानाच कोचिंगचं डी लायसन्स, म्हणजे सुरुवातीच्या पातळीचं, करून टाका, शाळांना बाई कोच हव्याच असतात, मी ऑफ सीझनला त्यावरच घर चालवलं. रेफ्रीचाही विचार करा, गोव्याची उवेना फर्नांडिस 2016 ला जॉर्डनच्या 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपला असिस्टंट रेफ्री होती. आणि लग्न झालं की संपलं असं घरात कुणी म्हणत असेल तर त्यांना सांगा की 2021 पासून फिफाच्या नियमात करारावर असलेल्या खेळाडूला कमीत कमी 14 आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा आहे.

ट्रायलला येताना आधारकार्ड, जन्मदाखला, फोटो, शिन गार्ड आणि दोन जोड स्टॉकिंग घेऊन या, आणि फॉर्मवर पोझिशन लिहिताना एकच लिहा, जी तुम्ही खरंच खेळता ती.