हाय-रेझ म्हणून घेतलेलं गाणं खरंच तसं आहे का? या चुका टाळा

गोव्यात फोंड्याला चवथीच्या आरत्या ऐकतच मी मोठा झालो. घुमट या मातीच्या वाद्याचा घुमारा आणि कांसाळ्यांचा, म्हणजे मोठ्या झांजांचा, खणखणाट कानात इतका बसलाय, की त्यात थोडं जरी खोटं आलं तरी खटकतं. दोन वर्षांपूर्वी घुमट आरत्यांचा एक अल्बम मी डाउनलोड करून घेतला. लेबलवर लिहिलं होतं, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, म्हणजे सीडीपेक्षा बारकाईने टिपलेलं, हाय-रेझ. पहिल्याच आरतीत कांसाळी वाजली आणि खणखणाटाऐवजी ऐकू आली ओल्या वाळूवरून पाणी सरकल्यासारखी सळसळ. आवाजातल्या कंपनसंख्यांचं चित्र (स्पेक्ट्रम) दाखवणाऱ्या स्पेक या फुकट प्रोग्रामात फाइल उघडली. १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ, तिच्या वर नुसता काळोख. हलक्या दर्जाची एमपीथ्री कुणीतरी मोठ्या फाइलमध्ये ओतून विकली होती.

तेव्हापासून कुठलंही हाय-रेझ गाणं मी तपासल्याशिवाय ठेवत नाही. तपासताना मी स्वतः केलेल्या आणि मित्रांना करताना पाहिलेल्या चुका इथे लिहितो.

आकड्याला दर्जा समजणं

सीडी म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. सॅम्पलिंगचा, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घेतली त्याचा, जो आकडा असतो त्याच्या निम्म्यापर्यंतच्याच कंपनसंख्या फाइलमध्ये मावतात, म्हणजे सीडीत साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंत आणि ९६ च्या फाइलमध्ये ४८ पर्यंत. मावतात म्हणजे असतातच असं नाही. सोलकढीत पाणी ओतलं की तांब्या भरतो, कोकमाचा स्वाद वाढत नाही. सीडीवरचं गाणं ९६ किलोहर्ट्झला बदलणं हे कुठल्याही एडिटरमध्ये अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि त्यानंतर प्रत्येक प्लेअर ९६ हाच आकडा दाखवतो.

स्पेक्ट्रम घाईने वाचणं

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. १६ किलोहर्ट्झच्या आसपास सरळ कडा दिसली तर बहुधा १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपीथ्री. २० च्या आसपास असेल तर ३२० केबीपीएसचा संशय घ्यावा. २२ वर रेघ दिसली तर मूळ सीडीचं, २४ वर दिसली तर ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगचं. ऑडॅसिटी या एडिटरमध्ये पाहणार असाल तर स्पेक्ट्रोग्रामच्या सेटिंगमध्ये कंपनसंख्येची वरची मर्यादा आधी वाढवून घ्या. नाहीतर चित्रच २० किलोहर्ट्झपाशी संपतं आणि चांगल्या फाइलवर उगीच आळ येतो.

कापल्याची खरी कडा सरळ असते, गाण्याच्या पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत एकाच उंचीवर. नैसर्गिक आवाज असा संपत नाही, तो वर जाता जाता विरतो. नुसता गळा आणि तंबोरा असेल तर वर फारसं काही दिसणारच नाही. तेवढ्यावरून फाइल नकली ठरवू नका. म्हणून मी टाळ, कांसाळी किंवा टाळ्यांचा कडकडाट असलेली जागा शोधून तिथेच पाहतो. एमपीथ्रीचं पितळ उघडं पडतं तेही अशाच जागी.

जुन्या रेकॉर्डिंगच्या बाबतीत उलटी चूक होते. आमच्याच तालुक्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. त्यांच्या काळातल्या ७८ आरपीएमच्या तबकडीवरून आज कुणी ९६ किलोहर्ट्झला उतरवून घेतलं, तर स्पेक्ट्रम ३० किलोहर्ट्झपर्यंत भरलेला दिसू शकतो. ते गाणं नव्हे, सुईची खरखर आहे. गळा खाली कितीतरी आधीच संपलेला असतो. तरीही अशी फाइल फसवी म्हणता येत नाही, कारण खरखर नंतर नीट काढायची तर ती मुळात बारकाईने टिपलेली बरी. डीएसडीवरून (एकेका बिटात आवाज टिपणारी वेगळी पद्धत) बनवलेल्या फाइलमध्येही वरच्या भागात दाट धुकं दिसतं. तो त्या पद्धतीतलाच गोंगाट असतो, त्याचा संगीताशी संबंध नाही.

मोठ्या आवाजाला चांगला आवाज समजणं

दोन आवृत्त्यांपैकी जी जरा मोठ्याने वाजते तीच कानाला सरस वाटते, फरक एका डेसिबलचा असला तरी. आधी दोन्हींचा आवाज समान करा. मग फूबार२००० या प्लेअरमधल्या एबीएक्स तुलनेने, कुठली वाजतेय हे न कळता ऐका. मला या चाचणीने पुष्कळदा गप्प केलंय. शिवाय एडिटरमध्ये वेव्हफॉर्म पाहा. शिखरं सपाट कापलेली असतील तर ते रीमास्टर, म्हणजे गाण्याची नव्याने केलेली आवृत्ती, दाबून मोठं केलेलं आहे. तबल्याची थाप त्यात मेली असेल तर १९२ किलोहर्ट्झही ती परत आणणार नाही. माझ्या मते मूळ मास्टरिंग, म्हणजे विकण्याआधी गाण्यावर फिरवलेला शेवटचा हात, कसं आहे हाच निम्म्याहून अधिक प्रश्न असतो.

बिट तपासायचे राहून जाणं

बिट म्हणजे प्रत्येक मोजमाप किती बारीक लिहिलंय ते. स्पेक्ट्रममध्ये ते दिसत नाहीत. १६ बिटांच्या गाण्याला खाली आठ शून्यं जोडली की २४ बिटांची फाइल तयार होते. पण फ्लॅक, म्हणजे काही न गमावता आवाज दाबून ठेवणारा फाइलप्रकार, ही रिकामी शून्यं ओळखून वगळतं. त्यामुळे २४ बिट, ४४.१ ची फ्लॅक फाइल त्याच गाण्याच्या सीडीवरून केलेल्या फ्लॅकएवढीच भरली, तर शंका घ्या.

फाइलचा दोष नसताना तिला दोष देणं

ब्लूटूथवर ऐकून हाय-रेझचा निवाडा करू नका. ब्लूटूथवरची एलडीएसी ही पद्धत जास्तीत जास्त ९९० केबीपीएस पाठवते, तर २४/९६ ला न दाबता ४६०८ लागतात. विंडोज नेहमीच्या मार्गाने सगळं साउंड सेटिंगमध्ये ठरवलेल्या एकाच दराला बदलून देतं, म्हणून डॅकवर (फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारं यंत्र) कुठला आकडा उमटतो ते पाहा. एका ठराविक जागी दर वेळी खट्ट होत असेल तर डाउनलोड तुटलेलं असू शकतं. पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि नेट सारखं जातं, तेव्हा हे हमखास होतं. फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाचा एमडी५ ठसा साठवलेला असतो, त्याच्याशी पडताळणी करा आणि जुळत नसेल तर फाइल पुन्हा उतरवा. हा ठसा जुळला म्हणजे फाइल तुटलेली नाही एवढंच कळतं. एमपीथ्रीवरून बनवलेल्या फ्लॅकचाही ठसा जुळतोच.

आता मी अल्बममधलं एकच गाणं आधी घेतो, तेही सर्वांत जास्त टाळ असलेलं. त्या आरत्यांचे पैसे परत मागताना स्पेक्ट्रमचं चित्र, गाण्याचं नाव आणि मिनिट-सेकंद लिहून पाठवलं होतं, ते चौथ्या दिवशी मिळाले. नुसतं 'आवाज चांगला नाही' असं आधी दोनदा लिहिलं होतं, त्याला उत्तरही आलं नव्हतं.