जन्मदर-मृत्युदर वाचताना या चुका टाळा

दोन प्रदेशांचे मृत्युदर शेजारी मांडायचे आणि ज्याचा आकडा मोठा तिथलं आरोग्य वाईट, असं म्हणून मोकळं व्हायचं. सर्वांत जास्त फसगत होते ती इथेच.

समजण्यापुरते आकडे घेऊ. अ आणि ब, दोन्हींची लोकसंख्या 1 लाख. अ मध्ये साठीपुढचे 10,000, ब मध्ये 30,000. साठीखालच्यांत हजारी मृत्यू अ मध्ये 3, ब मध्ये 2. साठीपुढे अनुक्रमे 45 आणि 35. म्हणजे दोन्ही वयोगटांत ब सरस. तरी एकूण मृत्यू अ मध्ये 720, ब मध्ये 1,190, दर 7.2 आणि 11.9! ब मध्ये म्हातारी माणसं जास्त, एवढंच त्याचं कारण. उपाय सोपा आहे: दोघांचे वयोगटवार दर एकाच प्रमाण लोकसंख्येला लावा. 80,000 तरुण आणि 20,000 वृद्ध धरले, तर अ 11.4, ब 8.6. खरं चित्र हे. जपानचा मृत्युदर अनेक तरुण देशांपेक्षा जास्त दिसतो, तोही याच कारणाने.

जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, 2.1 च्या खाली गेला की लोकसंख्या लगेच घटते, हा समजही चुकीचा. आधीच्या मोठ्या पिढीतल्या मुली आई होण्याच्या वयात असतात. प्रत्येकीला मुलं कमी झाली तरी आयाच जास्त. शिवाय मृत्यू कमी असतात. वाढ थांबायला काही दशकं लागू शकतात.

एका वर्षाच्या घसरणीवरून कल ठरवू नका. जपानमध्ये 1966 हे जुन्या पंचांगानुसार ‘अग्नि-अश्व’ वर्ष; त्या वर्षी जन्मलेल्या मुली अशुभ ठरतात या समजुतीमुळे अनेक जोडप्यांनी मूल टाळलं. जननदर 1965 मध्ये 2.14 होता, तो 1.58 वर आला आणि 1967 मध्ये 2.23 झाला. लहान गावात तर नुसत्या योगायोगानेही आकडा हलतो: वर्षाला 30 जन्म असतील, तर पाच-सहाचा चढउतार सहज होतो. तीन ते पाच वर्षांची सरासरी काढा.

आयुर्मान 42 म्हणजे लोक बेचाळिशीत मरत, असं नव्हे. दहांपैकी तीन बाळं जन्मतःच गेली आणि सात जण साठीपर्यंत जगले, तरी सरासरी 42 च येते. जुन्या काळाबद्दल बोलताना हे विसरू नये, कारण त्या आकड्यात गेलेली बाळंच जास्त बोलतात.

छेदही तपासा. अर्भक मृत्युदर (वर्षाच्या आतल्या बाळांचा) जिवंत जन्मांवर काढतात, जन्मदर वर्षाच्या मध्यावरच्या लोकसंख्येवर. जन्म रुग्णालयाच्या शहरात नोंदला की आईच्या राहत्या ठिकाणी, हेही बघा. नाहीतर शहराचा जन्मदर फुगतो आणि आसपासच्या गावांचा पडतो.

शेवटी ताळा करा: जुनी लोकसंख्या + जन्म − मृत्यू + आलेले − गेलेले = नवी लोकसंख्या. मेळ बसला नाही, तर आधी स्थलांतर आणि राहून गेलेल्या नोंदी शोधा. मधल्या काळात हद्द बदलली होती का, तेही नकाशावर पाहून घ्या.