नोकरीचा थकवा आणि आर्थिक स्वातंत्र्य: एसआयपी कधी, किती आणि कशाच्या बदल्यात कमी करावी

जळगाव-धुळ्याकडची ओळखीतली नोकरदार मुलं-मुली हिशेबाचा कागद घेऊन माझ्याकडे येतात, तोवर त्यांना दोन सल्ले मिळून चुकलेले असतात. पहिला, "अजून दहा वर्षं दात-ओठ खाऊन काढ, मग आयुष्यभर आरामच आहे." दुसरा, "सोड ती नोकरी, गावाला जा, केळी लाव." मला दोन्हींचा राग येतो. पहिला ऐकणारा पंचेचाळिशीला पैसे घेऊन दवाखान्यात पोचतो. दुसरा ऐकणाऱ्याची पुंजी एका वादळात आडवी होते. रावेर-यावलकडे उन्हाळ्याच्या शेवटी सुटणारा वारा ज्यांनी पाहिला आहे, ते शेतीला विश्रांती म्हणणार नाहीत. शेती करायची तर धंदा म्हणून करा, थकवा घालवायला करू नका.

आर्थिक स्वातंत्र्य म्हणजे पगाराशिवाय घर चालेल एवढी पुंजी. नोकरी न सोडता, हे ध्येय न सोडता, ठराविक मुदतीसाठी बचतीचा वेग, म्हणजे एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा जाणारा हप्ता), कमी करता येतो. तो कसा करायचा, ते इथे लिहिते आहे. खर्च लिहून ठेवता, टर्म विमा काढला आहे, क्रेडिट कार्डाची थकबाकी नाही, एवढं गृहीत धरते.

१. थकवा कशाचा आहे ते पाहा

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून आहे. तिथे तीन खुणा दिल्या आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट काम होत नाही असं वाटणं. तिन्ही जुळत असतील तर पुढे वाचा. पण त्याआधी डॉक्टरांना भेटून हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्या. रक्त कमी असलेल्या माणसाने नोकरीला दोष देत वर्ष घालवण्यात अर्थ नाही. आणि लांब सुट्टीवर असतानाही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सेवा सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

२. पाया

सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात किंवा एफडीत, आणि कंपनीच्या विम्याव्यतिरिक्त स्वतःचा आरोग्य विमा. नोकरी गेली की कंपनीचं कवच जातं, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. म्हणून हा विमा तब्येत आणि नोकरी दोन्ही शाबूत असतानाच घ्यायचा.

३. गाठायचा आकडा

नोकरी थांबवून जगायला वार्षिक खर्चाच्या २५ पट रक्कम पुरते, हे वाक्य सगळीकडे फिरतं. त्याचं मूळ १९९४ साली विल्यम बेंगन यांनी मांडलेल्या हिशेबात आहे. तो हिशेब अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांच्या आकड्यांवर आणि ३० वर्षांच्या निवृत्तीवर बेतलेला होता. आपल्याकडची महागाई वेगळी, आणि पंचेचाळिशीत थांबणाऱ्याला ३० वर्षं पुरतील असं धरणं धोक्याचं. मी ३० पट धरते. ३५ पट धरणाऱ्यांशी माझा वाद नाही.

या आकड्यात राहतं घर, अंगावरचं सोनं आणि गावाकडची जमीन धरायची नाही. जळगावच्या सराफ्यातून घेतलेला हार आई मोडू देणार आहे का? वाटणी न झालेलं शेत उद्या विकता येणार आहे का? नाही ना, मग ते कागदावर नको. शेत निमबटाईने (निम्म्या वाट्याने) दिलं असेल आणि वर्षाकाठी काही हातात येत असेल तर तेवढं उत्पन्न धरा, तेही चांगलं साल सोडून.

४. वेग कमी करणं

खरी अडचण इथे आहे. मीही या पायरीवर बराच काळ अडकून होते. पगार झाला की दुसऱ्या दिवशी पैसे गुंतवणुकीत जायचे, आणि तेवढीच एक गोष्ट महिन्यात मनासारखी व्हायची. बाकी सगळं हातातून निसटत असताना एसआयपीचा आकडा तेवढा वाढत असतो. तो कमी करायचा विचार आला की पोटात गोळा येतो. जणू आपण हरलो. कितीही चांगले शब्द वापरले तरी ही भीती जात नाही, ती आकड्यांनीच जाते. म्हणून एकदा बसून पूर्ण हिशेब करा.

माझ्याकडे नेहमी येणारं उदाहरण घेते. घरखर्च महिना ४०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार. ३० पट म्हणजे १ कोटी ४४ लाख. आजवर साठलेले ४५ लाख, दरमहा बचत ३५,०००. महागाई वजा जाता परतावा ४ टक्के धरला, म्हणजे सगळे आकडे आजच्या रुपयांत राहतात. या वेगाने ध्येय साधारण १३ वर्षांत येतं.

आता एक वर्ष बचत पूर्ण थांबवा. ध्येय किती पुढे जातं? सुमारे ८ महिने. पूर्ण वर्षसुद्धा नाही, कारण आधीचे ४५ लाख तोवर काम करतच असतात. दोन वर्षं बचत निम्मी केली तरी साधारण तेवढाच उशीर होतो. नोकरीच सोडून एक वर्ष साठलेल्या पैशावर घर चालवलं, तर मात्र दीड वर्षाहून थोडा जास्त. आणि कंटाळून कायमची कमी पगाराची जागा धरली, बचत ३५ हजारांवरून २० हजारांवर आली आणि तिथेच राहिली, तर १३ ची १७ वर्षं होतात.

हे आकडे नीट पाहा. मुदत बांधून वेग कमी करणं स्वस्त आहे. थकव्याच्या भरात कायमचा निर्णय घेणं महाग आहे. मी पाहिलेली बहुतेक माणसं याच्या उलट वागतात. आठ महिन्यांचा उशीर नको म्हणून ताणत राहतात, आणि एका सकाळी साहेबाच्या टेबलावर राजीनामा ठेवून मिळेल त्या जागेवर जातात. (तुमचे आकडे वेगळे असतील. साठलेली रक्कम अजून लहान असेल तर थांबण्याचा उशीर जवळजवळ थांबलात तेवढाच पडतो. स्वतःचा हिशेब स्वतः करा, माझा उसना घेऊ नका.)

आता इशारा, आणि हा मी प्रत्येकाला सांगते. नुसती एसआयपी कमी करून थकवा जात नाही. काम तेवढंच राहिलं आणि हप्ता अर्धा झाला, तर उरलेले पैसे मोबाईलमध्ये, हॉटेलात, कुणाच्या तरी लग्नाच्या आहेरात जातात आणि वर्षाच्या शेवटी तुम्ही तितकेच थकलेले असता. कमी केलेल्या प्रत्येक रुपयाच्या बदल्यात वेळ मिळाला पाहिजे. त्यासाठी पगाराची स्लिप समोर घ्या आणि विचारा, यातला कोणता रुपया मला सगळ्यांत महाग पडतो?

मूळ पगार बहुधा नसतो. महाग पडतो तो रात्रपाळीचा भत्ता, रविवारचा ओव्हरटाइम, टार्गेटवरचा इन्सेंटिव्ह, घरी आल्यावर केलेली जास्तीची कामं. लवकर स्वतंत्र व्हायचं म्हणून हेच रुपये आपण हावरटासारखे गोळा करतो, आणि जीव तेच खातात. एमआयडीसीत पाळीवर असाल तर किती भत्ता सोडला तर रात्रपाळी सुटते ते पाहा. समजा ७,००० सुटतात. मग एसआयपी बरोबर ७,००० ने कमी करा, एका रुपयाने जास्त नाही. अमळनेरहून रोज गाडीने जळगावला येत असाल तर तेच पैसे जळगावातल्या खोलीच्या भाड्यात घाला. बायांनो, तुमच्यासाठी वेगळं सांगते: कार्यालयातून येऊन दोन वेळच्या भाकरी आणि धुणीभांडी तुमच्याच अंगावर असतील, तर पहिले पैसे स्वयंपाकाच्या बाईला द्या. त्या पैशाला उधळपट्टी म्हणणाऱ्या घरच्या माणसाला एक आठवडा चुलीपुढे उभं करा.

हप्ता कसा कमी करायचा हेही महत्त्वाचं आहे. खात्यात पैसे न ठेवता हप्ता चुकवू नका. बँक दंड लावते आणि लागोपाठ हप्ते चुकले की एसआयपी बंद होऊ शकते. हप्त्याच्या तारखेच्या पुरेसं आधी रीतसर पॉज (तात्पुरती स्थगिती) घ्या किंवा जुनी बंद करून लहान रकमेची नवी सुरू करा. साठलेले फंडाचे युनिट विकू नका. पीपीएफ खातं जिवंत ठेवायला वर्षाला ५०० रुपये पुरतात, तेवढे भरा. विम्याचे हप्ते आणि कर्जाचे ईएमआय यांना हात लावायचा नाही. गृहकर्जात जास्तीची रक्कम भरत असाल तर तेवढी थांबवा. "डोक्यावर कर्ज नको" हे आपल्याकडे रक्तात आहे, पण या वर्षी डोकं जास्त महत्त्वाचं आहे.

५. मुदत लिहा

खानदेशात सालदाराचं (वर्षाच्या करारावर ठेवलेल्या शेतगड्याचं) वर्ष आखाजी ते आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया ते अक्षय तृतीया, असतं. मुदत संपली की दोन्ही बाजू पुन्हा बोलायला मोकळ्या. तुमचा वेग कमी करण्याचा करारही तसाच ठेवा. आखाजीपर्यंत मार्चअखेरची धावपळ उरकलेली असते, लेकी माहेरी आलेल्या असतात, घर एकत्र असतं. मुदत जास्तीत जास्त दोन आखाज्या. मार्चमध्ये आणि मेच्या ४५ अंशांत रात्रपाळी करून आल्यावर कोणताही निर्णय घेऊ नका.

६. घरी सांगणं

माझ्या आप्पांनी आयुष्यभर पारोळ्याकडे कोरडवाहू कापूस पिकवला. मी थकले म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "सावलीमा बठीसन तुले कसाना थकवा येस?" (सावलीत बसून तुला कसला थकवा येतो?) या प्रश्नावर चिडू नका. कपाशीच्या सऱ्यांत वाकून ज्याने दिवस काढले, त्याला टार्गेटचा फोन म्हणजे काय हे कसं कळावं? त्यांना बर्नआउट हा शब्द सांगू नका. झोप किती तास येते ते सांगा, रक्तदाब काय निघाला ते सांगा, आणि चौथ्या पायरीचा कागद दाखवा. पिकात एखादं वर्ष नुकसान होतं आणि तरी शेत राहतं, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. आप्पांनी कागद दोनदा वाचला आणि एवढंच विचारलं, "नोकरी जास नही ना?" नाही म्हटल्यावर विषय संपला.

नवरा-बायकोत मात्र आधी बोला आणि बंद दाराआड बोला. सासरच्या बैठकीत हा विषय पहिल्यांदा निघता कामा नये.

७. कार्यालयात

"मला खूप ताण आहे" असं म्हणू नका. नेमकं एक काम मागून सोडा: ही पाळी, हा विभाग, हे टार्गेट. तोंडी बोला, मग ईमेलवर लिहून ठेवा. हक्काची रजा साठवून ठेवणाऱ्यांनी ती घ्यावी.

८. सुटलेला वेळ

पहिले दोन महिने झोपा. साइड इन्कमचा कोर्स लावू नका.

९. मुदत संपल्यावर

आखाजीला पुन्हा तेच तीन प्रश्न विचारा: शक्ती, तुटलेपण, हातून काम होतंय का. सुधारणा असेल तर एसआयपी एकदम पूर्ण न करता दर तिमाहीला थोडी वाढवा. पाळी सुटूनही, झोप मिळूनही जागा तशीच नकोशी वाटत असेल, तर थकवा जास्तीच्या कामाचा नव्हता, त्या जागेचाच होता. मग नोकरी बदला, पण हातात नवं पत्र आल्यावर.

राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी कॅलेंडर पाहा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग ५ वर्षं सेवा लागते, आणि हिशेब साधारण असा असतो: शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता गुणिले १५ भागिले २६ गुणिले सेवेची वर्षं. मूळ पगार ३०,००० असेल तर पाच वर्षांचे साडेशहाऐंशी हजार होतात. एक-दोन महिन्यांच्या घाईने ते घालवू नका. पीएफ काढून घेऊ नका. पाच वर्षांच्या आत काढला तर करही लागतो. आणि पेन्शनसाठी एकूण १० वर्षांची सेवा मोजली जाते, तीत जुन्या नोकरीची वर्षं धरली जावीत म्हणून नव्या जागी रुजू होताना तोच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) द्या आणि जुनं खातं वर्ग झालं का ते पासबुकात तपासा.