जस्त झिजलं नाही म्हणून खूश होऊ नका

दोन वर्षांपूर्वीची जूनमधली गोष्ट. मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या. एक बोटमालक मला पंखा (प्रोपेलर) फिरवणाऱ्या शाफ्टवरचं जस्ताचं कडं दाखवत म्हणाला, "बघा मिस्त्री, वर्ष झालं तरी नवंकोरं. यंदाचा खर्च वाचला." मी पंख्याच्या पात्याला वायर ब्रश मारला आणि कडेला कानशीचा एक हात फिरवला. आत पिवळाधमक रंग निघायला हवा होता, तो निघाला गुलाबी, पिकल्या पेरूच्या गरासारखा. हातोडीने टिचकी मारली तर घंटेसारखा नाद यायच्या जागी बद्द आवाज. पंखा गेला होता.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. आदल्या वर्षी तळाला रंग मारताना माझ्याच पोराने त्या कड्यावरूनही रंगाचा हात फिरवला होता. पंख्याऐवजी झिजायला लावलेलं जस्त रंगाखाली झाकलं गेलं, आणि झिजला पंखा. काम एवढं सफाईदार की शाबासकी मीच दिली होती.

पंख्याचं काय होतं ते आधी समजून घ्या. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील, पण बाजारात मँगनीज ब्राँझ म्हणून जो पंखा मिळतो तो नावापुरता ब्राँझ. त्यात तांबं ५८ टक्क्यांच्या आसपास आणि जस्त ४० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ते पितळच. खारं पाणी त्यातलं जस्त काढून नेतं आणि मागे तांब्याची स्पंजासारखी जाळी उरते. आकार तोच, माप तेच, पण ताकद शून्य. एखादा ओंडका आपटला की पातं बिस्किटासारखं तुटतं.

एकटा धातू पाण्यात हळूहळू झिजतो. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि दोन्ही खाऱ्या पाण्यात बुडाले, की बॅटरीच तयार होते. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यातून वीज आरामात वाहते. कोण कोणाला खाणार हेही ठरलेलं आहे. जस्त सगळ्यात आधी जातं, मग ॲल्युमिनिअम, मग साधं लोखंड, मग पितळ, गनमेटल (हे तांबं-कथलाचं खरं ब्राँझ) आणि शेवटी स्टेनलेस. आपल्या बोटीत शाफ्ट स्टेनलेसचा, पंखा पितळेचा, म्हणजे मरणार पंखा. मरणारा तुकडा लहान आणि समोरचा मोठा असेल तर फारच वाईट. गनमेटलच्या व्हॉल्व्हला साधे लोखंडी बोल्ट लावले की एका हंगामात बोल्टांचं पीठ होतं.

म्हणून मुद्दाम जस्त लावायचं, मरायला. युक्ती जुनी आहे. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा असायचा. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याला लोखंडाचे तुकडे जोडून बघितले. कोचीनला बांधलेलं 'सामारंग' त्या प्रयोगातलंच जहाज. तांबं वाचलं, पण विरघळणाऱ्या तांब्यामुळे जे शेवाळ-शिंपले दूर राहायचे ते पत्र्यावर चढून बसले आणि जहाज संथ झालं. आपल्याकडे पंख्याला शेवाळ धरलं तर खरवडता येतं, पंखा मात्र नवा आणावा लागतो.

आता काम. जुनं कडं काढा आणि त्याखालचा शाफ्ट पॉलिश पेपरने चकचकीत करा. रंग, ग्रीस, गंज काहीही राहू देऊ नका, धातूला धातू भिडला पाहिजे. कड्याचे दोन्ही भाग आवळताना हातोडीने हलके ठोका आणि पुन्हा आवळा, थोडी ढील निघतेच. मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक जस्ताला, दुसरं पंख्याला लावा. आकडा एक ओहमच्या खाली यायला हवा. रंगकाम सुरू करण्याआधी जस्तावर मास्किंग टेप गुंडाळा आणि बोट पाण्यात ढकलायच्या आधी ती काढायला विसरू नका. आता आमच्याकडे ही टेप काढायचं काम त्याच पोराकडे आहे. निम्मं जस्त संपलं की कडं बदला.

भंगारातलं जस्त वितळवून घरी ठोकळे ओतणारे आहेत. तसं करू नका. त्यात थोडं जरी लोखंड मिसळलं तरी जस्तावर कवच धरतं आणि ते काम बंद करतं. बोट खाडीत आत, जवळपास गोड्या पाण्यात उभी राहत असेल तर जस्त तसंही मंदावतं. तिथे ॲल्युमिनिअमचे ॲनोड, म्हणजे असेच मरायला लावायचे तुकडे, घ्या.

लाकडी बोटवाल्यांनी मात्र 'जास्त जस्त म्हणजे जास्त बरं' असं समजू नये. गरजेपेक्षा जास्त ठोकळे लावले तर वाचवलेल्या धातूभोवती अल्कली तयार होते आणि ती लाकूड खाते. आतून व्हॉल्व्हच्या बुडाशी पांढरी, भुसभुशीत पूड दिसली आणि लाकडात स्क्रू ड्रायव्हर सहज रुतला, की ठोकळे कमी करा.

स्टेनलेसवर आमच्या लोकांचा आंधळा विश्वास आहे. त्यावरचं क्रोमिअमचं पातळ कवच टिकायला ऑक्सिजन लागतो. बेअरिंगमध्ये, किंवा शाफ्ट बोटीत शिरतो तिथे पाणी अडवणाऱ्या ग्लँडच्या पॅकिंगखाली पाणी साचून राहिलं की ऑक्सिजन संपतो आणि तिथेच खड्डे पडतात. बाहेरून आरशासारखा शाफ्ट, आत उंदराने कुरतडल्यागत. स्टेनलेसमधली ३०४ नंबरची जात घेऊच नका. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते बरंच टिकतं, तरी अजिंक्य नाही. बोट महिनाभर धक्क्याला उभी राहणार असेल तर अधूनमधून इंजिन लावून शाफ्ट फिरवा. पॅकिंग ग्रॅफाइटचं घेऊ नका. ग्रॅफाइट स्टेनलेसच्याही वरचढ आहे, तो शाफ्टलाच खातो.

इतकं करूनही जस्त दोन महिन्यांत फस्त होत असेल तर दोष बहुतेक वायरिंगमध्ये असतो. बॅटरीची वीज पाण्यात गळत असते. एक अँपिअर गळती वर्षभर चालली तर सुमारे ९ किलो लोखंड जातं, यावरून काय ते समजा. सगळे स्विच बंद करा, बॅटरीची पॉझिटिव्ह वायर सोडा आणि बॅटरी व वायर यांच्यामध्ये मीटर लावा, सुरुवात दहा अँपिअरच्या रेंजवर. या वेळी इंजिनला स्टार्टर मारू नका, मीटर जळेल. काहीही आकडा दिसला तर एकेक फ्यूज काढत जा. माझ्या अनुभवात दहापैकी सात वेळा चोर सापडतो तो तळात साचलेल्या पाण्यात बुडालेला पंपाच्या वायरचा जोड. नुसती टेप गुंडाळू नका. जोड वर, कोरड्या जागी घ्या.

ऑगस्टमध्ये बोट पाण्यात गेली की पहिल्या अमावास्येच्या ओहोटीला ती वाळूवर टेकेल तेव्हा खाली वाकून कड्यावर हाताचं बोट फिरवा. ते खडबडीत, राखाडी, बारीक खड्डे पडलेलं लागलं तर वर जाऊन चहा प्या. गुळगुळीत लागलं तर मल्टिमीटर घेऊन परत खाली या.